व्हॉल्व्हमागच्या खडूच्या रेघा

५ फेब्रुवारी

आज तीन नंबरच्या मशीनवरची जुनी पेटी निघाली आणि तिच्या जागी माझा संगणक बसला. ‘माझा’ लिहायला नको, कारखान्याचा आहे. पण त्यातला प्रोग्रॅम माझा, आणि आईच्या मते गेले चार महिने मी घरात दुसऱ्या कशावर बोललेली नाही.

हे सगळं नीट लिहून ठेवायचं ठरवलंय. आमच्या घरात पदवीपर्यंत कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे असं काम हातात घेतल्यावर काय होतं हे विचारायला घरात कुणी नाही. पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

तर, कापड रंगवायचा कारखाना. बाबा इथे सव्वीस वर्षं आहेत, सगळी याच तीन नंबरवर. मशीन म्हणजे एक मोठं बंद पिंप. आत गरम रंगात कापड गोल फिरत राहतं. रंग धरावा म्हणून त्यात सोड्याचं पाणी सोडायचं, पण एकदम नाही: दर मिनिटाला व्हॉल्व्ह उघडायचा, आठ सेकंद मोजायचे, बंद करायचा. जास्त गेलं की कापडावर चट्टे उठतात आणि ते पुन्हा कशानेही निघत नाहीत. आजवर हे उघडणं-मिटणं पेटीवाले काकांची पेटी करायची. काका म्हणजे कारखान्याचे वायरमन. वीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः ती पेटी जोडली, आणि आत काय आहे ते फक्त त्यांना ठाऊक. गेल्या वर्षी ते महिनाभर आजारी होते तेव्हा पेटी बंद पडली आणि तीन नंबर अकरा दिवस उभं राहिलं. अकरा दिवस, एका माणसाच्या डोक्यातल्या ज्ञानासाठी. मला याची चीड येते. ज्ञान असं कोंडून ठेवायची वस्तू नाही.

माझ्या संगणकावर साधी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. कुणीही फुकट घ्यावी, उघडून वाचावी, बदलावी अशी. तीच शाळेत चालते, दवाखान्यात चालते. ती व्हॉल्व्ह सांभाळेल, तापमान बघेल, रंगाच्या कृती लक्षात ठेवेल, ऑफिसला रोजचा अहवाल छापून देईल. कारखान्याच्या मॅनेजर साहेबांनी परवा सुचवलं की कामगारांची हजेरीही तिच्यावरच टाका, फोटोसकट. मी हो म्हटलं. तिला काय जड आहे.

बाबांनी आधी हात धुतले, मग स्क्रीनवर बोट ठेवून पाहिलं. नंतर शेजारच्या मशीनवाल्याला सांगत होते, “आमच्या पोरीची सिस्टिम आहे.” मी ऐकलं नाही असं दाखवलं.

८ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत पेटीवाल्या काकांशी वाद झाला. तसाच्या तसा लिहिते, कारण मला वाटतं मी जिंकले, आणि तरीही अजून राग गेलेला नाही.

काका डबा उघडता उघडता म्हणाले, “काय बाई, तुमची सिस्टिम किती कामं करते म्हणालात?”

“हवी तितकी. तोच तर तिचा गुण आहे. सगळ्यांचं ऐकते.”

“माझी पेटी बहिरी होती. फक्त घड्याळाचं ऐकायची.”

“आणि बंद पडली की कुणाचंच ऐकायची नाही. अकरा दिवस.”

“ते खरं,” काका म्हणाले. त्यांनी हे इतक्या सहज मान्य केलं की मला जरा अडखळायला झालं. “बरं, मला सांगा. व्हॉल्व्ह बंद करायचा आहे, त्याच वेळी ऑफिस अहवाल मागतंय, त्याच वेळी दारात हजेरी लागतेय. आधी कोण?”

मी समजावून सांगितलं. सिस्टिम प्रत्येक कामाला थोडा थोडा वेळ वाटून देते. कुणी उपाशी राहत नाही, कुणी मोठा नाही, कुणी धाकटा नाही. मला कॉलेजात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. माणसांनी केलेल्या किती व्यवस्थांबद्दल असं म्हणता येतं?

“म्हणजे पाळी येते.”

“नक्की येते.”

“कधी येते?”

“सेकंदाच्या हजाराव्या भागात.”

“लिहून द्याल?”

मी खरं तेच बोलले. म्हटलं, “सहसा.”

काका चपाती मोडायची थांबवून हसायला लागले. शेजारच्या बाकावरचेही हसले. दुपारनंतर मी जिथे गेले तिथे “या, सहसाबाई.” नवं काही आलं की या लोकांना टिंगल तेवढी सुचते. बाबाही तिथेच बसले होते. ते हसले नाहीत, पण माझ्या बाजूने एक शब्दही बोलले नाहीत. खाली मान घालून जेवत राहिले.

वेळेची हमी देणाऱ्या वेगळ्या सिस्टिम असतात हे मला माहीत आहे. त्यावर एक प्रकरण होतं. परीक्षेला ऐच्छिक होतं, मी सोडलं होतं. हे काकांना सांगायची गरज नव्हती.

१३ फेब्रुवारी

नऊ दिवस झाले, एकाही कापडावर चट्टा नाही. सिस्टिम ठणठणीत. काकांना रोज स्क्रीन दाखवते. ते म्हणतात, “छान. कापड चांगलं येतंय ना, मग झालं.” असं म्हणताना बाबांकडे का बघतात कोण जाणे.

बाबांचा उजवा खांदा दुखतोय. तीन नंबरला आता हाताने करायचं काही उरलेलंच नाही, तरी दुखतोय. आई शेक देतेय. मी म्हटलं, आता तरी खुर्चीवर बसा, मशीन आपलं आपण चालतं. म्हणाले, “बसतो की.”

साडेसहा वाजले. पाणी आलं होतं. टाकी भरली, नळ बंद केला.

पुढे लिहायच्या आधी वरची ओळ दुरुस्त करायला हवी. नळ बंद केला असं लिहिलं खरं, पण उठायचं राहून गेलं. हातातलं वाक्य संपवून उठू म्हटलं, तेवढ्यात गच्चीवरून पाणी जिन्यात आलं. आई पदर खोचून जिना पुसताना म्हणाली, “तुझ्या वहीत नळ बंद असेल गं, इथे माझे पाय भिजलेत.”

१९ फेब्रुवारी

आज माझी सर्वांसमोर शोभा झाली, आणि तीही कुणाच्या तरी आगाऊपणामुळे.

दहाच्या सुमाराला तीन नंबरचा गजर वाजला: सोडा कमी पडतोय. धावत गेले. माझ्या व्हॉल्व्हच्या खाली हाताने फिरवायचा एक जुना कॉक आहे, अडीअडचणीला ठेवलेला. तो कुणीतरी पिळून बंद केलेला. वरून व्हॉल्व्ह उघडतोय, पण खाली रस्ताच बंद. तास गेला. कापड वाचलं, पण साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “काय मॅडम, आपोआप चालतं म्हणाला होतात.”

बाबा त्या वेळी बॉयलरकडे मदतीला गेले होते. ते जागेवर असते तर हे झालं नसतं.

कोण करतं हे? ज्याचा सिस्टिमवर विश्वास नाही तो. समोर येऊन वाद घाला, मी घालते. असं मागून हात घालणं मला सहन होत नाही. साहेबांना लेखी टिपण दिलं: एक, हातकॉकला कुलूप घालावं. दोन, आजपासून सिस्टिम बारीकसारीक प्रत्येक हालचालीची नोंद ठेवेल आणि ती नोंद पक्की लिहून झाल्याशिवाय पुढची हालचाल करणार नाही. एकही नोंद हरवणार नाही. मग बघू कोण काय करतं.

२२ फेब्रुवारी

काय लिहू. कॉकला हात लावणारे बाबा आहेत.

साहेबांनी माझं टिपण घड्याळाखालच्या फळ्यावर लावलं होतं. बाबांना आकडे वाचता येतात, अक्षरं नाही. त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि सरळ साहेबांच्या टेबलापुढे जाऊन म्हणाले, “साहेब, दुसऱ्या कुणाला त्रास नको. मीच लावतो हात.” का, ते सांगितलं नाही. साहेबांनीही विचारलं नाही. “अरे, उद्यापासून गोदामात जा,” एवढंच म्हणाले. मला ते मॅडम म्हणतात आणि सव्वीस वर्षं काम केलेल्या माझ्या बाबांना अरे.

पण बाबांवरचा राग जास्त आहे. घरी मी विचारलं, “मी काय चूक केली होती म्हणून तुम्ही असं केलंत?”

“तू काही नाही केलंस.”

“मग हात कशाला लावत होतात?”

“कधी कधी हात असलेला बरा असतो, पोरी.”

“कधी कधी म्हणजे कधी?”

बाबा खांदा चोळत बसले. आई म्हणाली, “तिला सांगा ना.” बाबा म्हणाले, “दमून आलीय. नंतर.” मला नंतर काही नको होतं. मी म्हटलं की तुमच्याच पिढीने प्रत्येक चांगल्या गोष्टीचा असा घात केलाय. हे म्हणायला नको होतं. पण खोटं बोलले असं अजूनही वाटत नाही.

कॉक उघडा ठेवून त्याला आज दुपारी कुलूप लागलं. किल्ली साहेबांच्या खोलीतल्या खिळ्यावर असते.

२७ फेब्रुवारी

कुलूप लागल्यापासून तीन नंबरला माल नव्हता; आज चढलेला निळ्या कापडाचा पूर्ण माल गेला. दवाखान्यांच्या चादरी होत्या. पिंप उघडलं आणि ओलं कापड बाहेर आलं, तर पाण्यावर तेल सांडल्यासारखे चट्टे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

साहेबांनी कापड हातात धरून पाहिलं. मग फळ्यावरचं माझं टिपण काढून आणलं आणि माझ्यापुढे धरलं. “हे तुम्हीच लिहिलंय ना? बाहेरून हात लागतो म्हणून? गोदामात घातल्याचा राग असेल. किल्ली तर उघड्यावरच असते.”

मी म्हटलं, “बाबा असं करणार नाहीत.”

“मग तुमची सिस्टिम चुकली का?”

मी नोंदी उघडल्या. सहाशे ओळी. व्हॉल्व्ह उघडला, आठ सेकंद, बंद. उघडला, आठ सेकंद, बंद. कुठेही एका सेकंदाचा फरक नाही. मी ते स्वतःच्या तोंडाने साहेबांना वाचून दाखवलं. वाचताना कळत होतं की प्रत्येक ओळ बाबांवर पडतेय, पण जे आहे ते आहे. पुरावा आपल्या माणसाच्या विरुद्ध गेला म्हणून झाकायचा नसतो.

बाबांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. चौकशी होईपर्यंत, म्हणे.

२८ फेब्रुवारी

बाबा सकाळी नेहमीच्या वेळेला उठले, डबा हातात घेतला, मग परत ओट्यावर ठेवला.

मी त्यांना सरळ विचारलं, “तुम्ही काल तीन नंबरकडे गेला होतात?”

“नाही.”

एवढंच. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला बरं पडलं असतं. एकीकडे सहाशे ओळी आणि दुसरीकडे हा एक शब्द. मी कॉलेजात शिकले आहे ते सहाशे ओळींच्या बाजूने आहे.

आई ताट वाढते, पुढे सरकवते, जाते.

१ मार्च

जेवणाच्या सुट्टीत काका माझ्याकडे आले. सहसाबाई म्हणाले नाहीत. “चला, काहीतरी दाखवतो,” एवढंच म्हणून तीन नंबरच्या मागे घेऊन गेले. मागे भिंत आणि पिंप यांच्यात माणूस आडवा होऊन शिरेल एवढीच जागा. हातकॉक तिथेच आहे. उजवा हात खांद्यापासून वळवून वर न्यावा लागतो, तेव्हा कुठे तो सापडतो.

भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. दिवसाला एक ओळ. आकडा, आणि पुढे रेघा. काही आखूड, काही लांब.

“तुमच्या बाबांच्या आहेत. व्हॉल्व्ह आठ सेकंदांवर मिटला नाही की ते खालचा कॉक आवळायचे. मिटला की परत सोडायचे. जितक्या वेळा, तितक्या रेघा. जास्त उशीर झाला तर लांब रेघ.”

“त्यांना आठ सेकंद कसे कळायचे?”

“सव्वीस वर्षं मोजतायत, बाई. माझी पेटीसुद्धा त्यांच्या मोजण्यावरून लावली होती.”

मी मोजल्या. पाच तारखेला दोन. सहाला पाच. रोज चार-पाच-सहा. एकोणीस तारखेला, ज्या दिवशी ते बॉयलरकडे धावले आणि आवळलेला कॉक सोडायचा राहिला, तीन. आणि वीस तारखेला एकवीस. एकवीसला चोवीस. बावीसला दुपारपर्यंत सतरा, त्यानंतर भिंत कोरी.

वीसपासूनच का? एकोणीसला संध्याकाळी मी काय सुरू केलं होतं ते मला आठवायची गरज नव्हती. ते फळ्यावर माझ्या सहीने लागलेलं होतं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी काकांना म्हटलं. माझा आवाज चढला होता. “मग मला सांगितलं का नाही?”

“तुमच्या बाबांनी शपथ घातली होती. पोरीला महिनाभर तरी चालवू दे, म्हणाले. चुकतमाकत बसेल नीट. तोवर मी धरतो.”

३ मार्च

आज सुट्टी. काकांनी पहारेकऱ्याला सांगून दार उघडलं. मशीनमध्ये नुसतं पाणी भरलं, व्हॉल्व्हच्या तोंडाला बादली लावली. काका बादलीकडे, हातात घड्याळ. मी स्क्रीनकडे. मुद्दाम हजेरी सुरू केली, अहवाल छापायला लावला, जसं रोज असतं तसं.

मी ओरडायची, “बंद!” आणि पिंपामागून काका म्हणायचे, “चालूच आहे. अजून चालू. आता बंद. अकरा.”

आठ. आठ. अकरा. आठ. चौदा.

स्क्रीनवर प्रत्येक वेळी आठच.

मी तिथे खाली फरशीवर बसले. माझी ही वही पिशवीत होती. तेरा तारखेचं पान काढलं. ‘टाकी भरली, नळ बंद केला.’ मी आधी लिहिलं होतं आणि उठले नव्हते. माझ्या प्रोग्रॅममध्येही तोच क्रम आहे. आधी ‘बंद’ अशी नोंद, मग नोंद पक्की होईपर्यंत थांबायचं, मग व्हॉल्व्हला हुकूम. नोंद पक्की व्हायला डिस्कवर उतरावी लागते, आणि डिस्कच्या दारात हजेरीचे फोटो आधीच येऊन बसलेले. सिस्टिमने त्यांनाही पाळी दिली, अहवालालाही दिली, मलाही दिली. तिने कुणावर अन्याय केला नाही. सोडा तेवढा वेळ वाहत राहिला.

तिने मला वेळेचं वचन कधीच दिलं नव्हतं. तिच्या वतीने वचन मी देत फिरत होते. आणि ते बाबा पाळत होते, भिंतीला चिकटून, दुखऱ्या खांद्याने.

काका म्हणाले, “सिस्टिम वाईट नाही हो. कृती लक्षात ठेवते, अहवाल देते, मला जन्मात जमलं नसतं. फक्त तिला दाराशीही बसवलंत, ऑफिसातही बसवलंत आणि व्हॉल्व्हवरही. व्हॉल्व्हवर एकच काम असणारा हवा.”

मला तेव्हा कुणाचं समजावणं नको होतं. पण म्हणणं बरोबर आहे.

४ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. बादली, रेघा, नोंदीचा क्रम. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं संपलं.

ते म्हणाले, “मॅडम, हे कुणाला बोलू नका.”

“म्हणजे?”

“मालकांना मी ही सिस्टिम दाखवलीय. बाकीच्या मशीनवर बसवायचं ठरतंय. आता चुकली म्हणू? चादरीवाल्यांना एक नाव हवंय. तुमच्या वडिलांचं तसंही निवृत्तीचं वय आलंय. दोन वर्षं आधी, इतकंच.”

“नाव माझं द्या.”

“तुमचं कसं देऊ? तुम्ही शिकलेल्या आहात. तुमच्या नावावर डाग लागला तर पुढे काय करणार? मी तुमच्याच भल्याचं बोलतोय.”

माझ्या भल्याचं. माझ्या बाबांना चोर ठरवायचं, ते माझ्या भल्यासाठी. आणि त्यासाठी कागद कुठला, तर माझ्या अक्षरातला. असं भलं ज्या पदवीतून होतं ती पदवी मला शिकवणाऱ्यांनी परत घ्यावी.

घरी आले. बाबा दारात बसून आईच्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवत होते. त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, “बाबा, माझी चूक होती.”

“कुठली?”

“सगळीच. व्हॉल्व्हची. तुम्हाला विचारलं त्याची. तुमच्या पिढीला बोलले त्याची.”

सुई पट्ट्यातून ओढून घेत ते म्हणाले, “पिढीचं राहू दे. खरंच चौदा सेकंद सोडा जात होता का गं? मला वाटायचं माझंच मोजणं चुकतंय म्हणून.”

५ मार्च

पाळी बदलते तेव्हा फळ्यासमोर दोन्हीकडची माणसं असतात. मी दुसरा कागद लावला, पहिल्याच्या शेजारी. आणि बऱ्याच जणांना वाचता येत नाही म्हणून मोठ्याने वाचला. ‘निळा माल माझ्या प्रोग्रॅममुळे खराब झाला. व्हॉल्व्ह उशिरा मिटत होता आणि माझी नोंद तो वेळेवर मिटला असं खोटं सांगत होती. कॉकला हात लावणाऱ्या माणसाने सतरा दिवस माल वाचवला. ज्याला खात्री हवी त्याने तीन नंबरच्या मागची भिंत बघावी.’ खाली सही.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एक एक जण मशीनच्या मागे आडवा होऊन जाऊन आला. बाहेर येणारा माणूस साहेबांच्या खोलीकडे बघायचा आणि कामाला लागायचा. साहेबांनी दार लावून घेतलं. मग मालकांचं बोलावणं आलं, मला नाही, त्यांना.

१० मार्च

निकाल असा: बाबा परत तीन नंबरवर. काकांची पेटी फडक्यातून बाहेर निघाली आणि फक्त व्हॉल्व्हवर बसली. बाकी सगळं, कृती, तापमान, अहवाल, सिस्टिमकडे. हजेरी दुसऱ्या संगणकावर. पेटीची आकृती काका रोज जेवणाच्या सुट्टीत मला काढून दाखवतायत, आणि मी ती फळ्यावर लावणार आहे. अकरा दिवसांचा माझा मुद्दा मी सोडलेला नाही.

मला तीन महिने मशीनच्या प्रोग्रॅमला हात लावायला बंदी आहे. गोदामात याद्या करायच्या. साहेब आहेत तिथेच आहेत, आणि बाबांना अजून अरे म्हणतात. याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही, पण सोडणारही नाही.

कॉकचं कुलूप बाबांनी स्वतः काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळी मी विचारलं, आता पेटी आहे, मग अजून मागे जाऊन का उभे राहता? म्हणाले, “सहसा गरज पडत नाही.” आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

साडेसहा होत आलेत. पाणी आलंय, टाकीत पडल्याचा आवाज बदलायला लागलाय. वही मिटते.

नळ बंद करून आले.